बुधवार आला का?

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, पूर्वी मीठ साठवायचे त्या खोलीत
आता सर्व्हर आहे. भिंतींना अजून खारट वास येतो.
शुक्रवारी पहाटे डिस्क गेली, काही आवाज न करता.
समुद्राखालच्या बोगद्यातून मी पोचले तेव्हा
हानुस दारातच उभा: मासळी कंपनीचा हिशेबनीस,
हातात इन्स्टॉलेशनची सीडी, अंगाऱ्याची पुडी धरावी तशी.

नवं इन्स्टॉलेशन दुपारपर्यंत झालं.
तेच नाव दिलं, तोच पत्ता, पासवर्डही तोच
(होडीचं नाव आणि साल, सगळ्या धक्क्याला पाठ).
मंगळवार रात्रीचा बॅकअप टेपवरून उतरवला.
आणि डेटाबेस बसेना.

नाव एक असून भागत नाही, आत गोत्र विचारतात.
जुन्या सर्व्हरच्या पोटातला एक लांबलचक आकडा
नव्याच्या आकड्याशी जुळत नव्हता.
एका कोपऱ्यात बारीक चौकट असते,
यावर जुनी प्रत लिहिली तरी चालेल, अशा अर्थाची.
तिथे फक्त खूण करायची.
ती सापडायला मला दोन तास लागले,
आणि हे मी हानुसला सांगितलं नाही.

मग यंत्र म्हणालं, डेटाबेस ओवळा आहे.
नीट मिटला नव्हता,
कुणी भरल्या पानावरून उठून जावं तसा.
त्याला लॉग वाचून दाखवायचे,
दुसऱ्या डिस्कवर होते म्हणून वाचलेले,
क्रमाने, एकही न गाळता.

हानुसनं कॉफी आणली. बुधवार आला का?

मला नुसते आकडे सरकताना दिसत होते.
तोच शेजारी बसून सांगत राहिला, कशात काय असेल:
हा हॅडॉकचा सकाळचा भाव.
हा अॅबरडीनचा ग्राहक, बर्फ कमी पडला म्हणून तक्रार.
हा रेग्वी, माझा डबा कोणी खाल्ला,
सगळ्यांना पाठवलेलं, आणि त्यावरची सतरा उत्तरं.
डबा मीच खाल्ला होता, म्हणाला,
आणि कितीतरी वेळ एकटाच हसत बसला.

गुरुवार. दुपारी तीन दहा.
एक फाइल वाचता येईना.
पुढच्या चाळीस धडधाकट,
पण मधली पायरीच नाही तर वरच्या जिन्याचं काय करायचं?
एक हत्यार आहे जोरानं दुरुस्त करणारं:
कळेल ते ठेवतं, कळणार नाही ते पान फाडतं,
आणि म्हणतं, झालं.
मी ते काढलं नाही. तीन दहाच्या अलीकडे थांबले.

हानुसचं हसू कधी गेलं ते मी पाहिलं नाही.
संध्याकाळी आलं होतं, म्हणाला. गुरुवारी. सहाच्या सुमारास.
एस्बिअर्गहून, भावाचं.
अकरा वर्षांनी मी लिहिलं होतं, त्याचं उत्तर.
एकदाच वाचलं. म्हटलं, उद्या नीट वाचू.

मी सांगितलं ते माझ्या धंद्यातलंच:
पाठवलेल्याची प्रत पाठवणाऱ्याकडे असते.
त्याला म्हणा, पुन्हा पाठव.
पुन्हा मागू? त्याच्याकडे? मी?
बैल गेल्यावर झोपा करणारे पुष्कळ पाहिलेत मी,
पण हा झोप्याकडे न बघता
बैल गेला त्या वाटेकडे बघत होता.

रात्री एकेक खातं परत माणसाला जोडत गेले.
बेर्गतोरा, रेग्वी, गोदामवाले दोघे.
दोन खाती उरली, त्यांची माणसं केव्हाच कंपनी सोडून गेलेली;
ती तशीच ठेवली.
मग दार उघडलं, आणि तीन दिवस बाहेर ताटकळलेली टपाल
एकदम आत घुसली. सगळ्यात पहिलं:
फोर्कलिफ्टच्या बिलाची आठवण, तिसरी.

हे सांगायला खिडकीशी गेले.
खाली धक्क्यावर, दिव्याच्या पलीकडे हानुस,
एक हातमोजा दातात धरलेला,
उघड्या हातात फोन,
आणि अंगठा नुसता वर धरलेला, थंडीत.